हंसाची चोंच आणि हंसाचे पाय

इस्लापूरहून सहस्रकुंडाकडे जातांना पैनगंगा प्रथम ऐकूं येते आणि मग दिसते. धबधब्याच्या वरच्या अंगास मात्र ती अगदीं निराळी नदी आहे. काळ्या खडकांत ठिकठिकाणीं संथ डोह, डोहांच्या मध्यें वाळूचे पट्टे, आणि पौषांतल्या सकाळीं त्या पाण्यावरून उठणारी पातळ वाफ. गेल्या हिंवाळ्यांत तेथें एका स्नेह्यांकडे मी दोन दिवस राहिलों होतों. गृहस्थ जन्मभर शाळेंत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले; गांवांत त्यांना सर्वजण गुरुजी म्हणतात, व मीही येथें तसेंच म्हणतों.

पहिल्याच सकाळीं आम्ही नदीवर गेलों तेव्हां पलीकडच्या वाळूवर चौदा-पंधरा मोठे पक्षी बसलेले दिसले. कांहीं एका पायावर उभे राहून झोंप घेत होते, कांहीं माना उंच करून आमच्याकडे पाहत होते. रंग राखी, मान मध्यम लांबीची, चाल जरा डुलती. मी म्हणालों, "गुरुजी, हे पाहा हंस!"

गुरुजींनीं चष्मा सारखा केला, क्षणभर पाहिलें, आणि मान हलविली. "अहो, हे हंस कसले? हे तर राखेच्या रंगाचे. हंस म्हणजे पांढरा. आपण लहानपणीं अमर पाठ केला असेल ना?"

शेजारीं शेळ्या राखणारा एक मुलगा उभा होता. त्यानें आम्हां दोघांनाही निकालांत काढलें. "बदकं हायेत ती मोठी, गुरुजी. रातच्याला हरभऱ्यांत पडतेत."

माझ्या हातांत दुर्बीण होती, गुरुजींच्या मुखीं अमरकोश होता, आणि त्या मुलाच्या बापाच्या शेतांत हरभरा होता. तिघांनींही एकच पक्षी पाहिला, आणि तिघांनीं त्याला तीन निरनिराळ्या ठिकाणीं नेऊन बसविलें. त्यांतलें कोणतें ठिकाण खरें, हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाहीं. जो पक्षी आपल्या वाङ्मयांत सरस्वतीचा आणि ब्रह्मदेवाचा वाहक, दमयंतीचा दूत व विवेकाचें प्रतीक म्हणून वावरतो, तो समोर वाळूवर बसला असतां आपणांस ओळखतां येत नसेल, तर तें वाङ्मय आपण वाचतों म्हणजे नेमकें काय करतों, असा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

पुढें जाण्यापूर्वीं इस्लापुराविषयीं दोन शब्द. हें गांव आज नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यांत आहे. पण हैदराबाद संस्थानाच्या काळीं तें आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यांतील एका मंडळाचें ठिकाण होतें. १९५६ सालीं राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हां कायद्याच्या कलमांत 'इस्लापूर मंडळ' असा स्वतंत्र नामनिर्देश होऊन तें मुंबई राज्यांत आलें, व १९६० सालीं महाराष्ट्रांत. यामुळें येथील झाडांपशूंविषयीं जुन्या दप्तरांत कांहीं शोधावयाचें झाल्यास नांदेडखालीं शोधून उपयोग नाहीं, आदिलाबादखालीं शोधावें लागतें. दुसरी गंमत अशी कीं, याच पैनगंगेवर वरच्या बाजूस कळमनुरी-पुसदच्या हद्दीवर इसापूर नांवाचें मोठें धरण आहे. इसापूर आणि इस्लापूर यांत एका अक्षराचा फरक. बाहेरगांवच्या पाहुण्यांना हटकून फसविणारा. नांवें सारखीं आणि वस्तु निराळ्या, किंवा वस्तु एक आणि नांवें निराळीं, हा घोटाळा पक्ष्यांपुरता नाहीं हें ध्यानांत यावें म्हणून हें सांगितलें.

आतां त्या पक्ष्याकडे वळूं.

आपल्या देशांत हिंवाळ्यांत येणारे रानटी हंस मुख्यतः दोन जातींचे आहेत. एकाला हल्लींच्या मराठी पक्षिविषयक लेखनांत पट्टकादंब म्हणतात व दुसऱ्याला कलहंस. पाश्चात्य शास्त्रांत दुसऱ्याचें नामकरण लिनीयसनें १७५८ सालीं केलें, व पहिल्याचें लॅथम या इंग्रज पंडितानें १७९० सालीं. लॅथमनें त्याच्या नांवांत 'इंडिका' हा शब्द घातला, म्हणजे त्यास हिंदुस्थानचाच पक्षी मानलें. वस्तुतः तो आपल्याकडे पाहुणा आहे. त्याचें घर तिबेट, लडाख, मंगोलिया इकडच्या उंच सरोवरांच्या कांठीं. अंडीं तो तेथें घालतो आणि थंडीपुरता खालीं येतो.

पट्टकादंबाची मुख्य खूण नांवांतच आहे. पांढऱ्या डोक्यावर मागील बाजूस दोन काळे आडवे पट्टे असतात. वरचा पट्टा एका डोळ्यापासून निघून डोक्याच्या मागून दुसऱ्या डोळ्यापर्यंत जातो. खालचा, आंखूड, मानेच्या आरंभीं असतो. मानेची मागील बाजू काळसर, आणि दोन्ही बाजूंस वरून खालीं उतरणारी पांढरी रेघ. अंग फिकट राखी. चोंच पिवळी, टोंकाशीं काळी. पाय नारिंगीकडे झुकणारे पिवळे. कलहंस याहून अंगानें थोराड व जड, रंगानें अधिक मातट, डोक्यावर कसलाही पट्टा नसलेला. त्याची चोंच व पाय गुलाबी. उडतांना त्याच्या पंखांचा पुढचा भाग फारच फिकट, जवळजवळ रुपेरी दिसतो, आणि तेवढ्यावरून जाणता मनुष्य त्याला मैलभर अंतरावरून ओळखतो. उत्तर हिंदुस्थानांत कलहंस विपुल आहे. दख्खनेंत तो क्वचित् येतो. पट्टकादंब मात्र गोदावरीच्या खोऱ्यांत दरसाल येतो. पैठणचा नाथसागर हें १९७६ नंतर त्याचें मोठें आश्रयस्थान झालें आहे.

इतकें वाचून वाचक म्हणतील कीं, मग अडचण कोठें आली? पट्टे दिसले कीं पट्टकादंब, न दिसले कीं कलहंस. अडचण आहे ती पोरवयाच्या पक्ष्यांची. पट्टकादंबाचीं पहिल्या वर्षाचीं पिलें मोठ्यांइतकींच वाढलेलीं असून त्यांच्याबरोबर येतात, पण त्यांच्या डोक्यावर पट्टे उमटलेले नसतात. डोक्याचा मागचा भाग व मान सरसकट मळकट तपकिरी दिसते. असा एखादा पक्षी थव्याच्या कडेला उभा असला कीं नवशिका निरीक्षक आनंदानें वहींत 'कलहंस' लिहून मोकळा होतो. मीही एकदां लिहिलें आहे. अशा वेळीं डोक्याकडे पाहूं नये, चोंच आणि पाय पाहावे. पिवळे असले तर कादंबाचें पोर. गुलाबी असले तरच कलहंस. डोकें वयाप्रमाणें बदलतें, पाय इतके फसवीत नाहींत.

हीं सूक्ष्म लक्षणें गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत ज्यांनीं नीट लिहून ठेविलीं ते बहुतेक शिकारी होते. ह्यूम आणि मार्शल यांचे हिंदुस्थानांतील शिकारी पक्ष्यांवरील तीन खंड १८७९ ते १८८१ या सालांत निघाले. बंदुकीनें पाडलेला पक्षी हातांत घेऊन चोंच, नखें, पंख मोजणें त्यांना सहज शक्य होतें. पुढें १९३१–३२ सालीं सलीम अलींनीं हैदराबाद संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली व तिचा वृत्तान्त मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या नियतकालिकांत क्रमशः प्रसिद्ध झाला. मराठवाड्यांतील पक्ष्यांच्या पद्धतशीर अभ्यासाचा पाया या कामानें घातला गेला. परंतु चोंच आणि पाय पाहून हंसांच्या जाती ठरवाव्या ही कल्पना मात्र या मंडळींपैकीं कोणाची नव्हे. ती त्यांच्या पूर्वीं कित्येक शतकें आपल्याकडे रूढ होती, आणि गुरुजींनीं ज्या ग्रंथाचा आधार घेऊन माझा हंस नाकारला त्याच ग्रंथांत ती आहे.

त्या दिवशीं सायंकाळीं गुरुजींच्या ओटीवर अमरकोश उघडला. सिंहादिवर्गांत हंसांचा प्रकार येतो. अमरसिंहानें प्रथम हंसाचीं सामान्य नांवें दिलीं आहेत. त्यांतील एक त्याच्या शुभ्र पंखांवरून, तर एक मानससरोवराच्या वास्तव्यावरून पडलेलें. त्यानंतर तो पोटभेद सांगतो, आणि ते सांगण्याची त्याची रीत पाहण्यासारखी आहे. मान किती लांब, आवाज कसा, चाल कशी, यांपैकीं कांहींच तो विचारांत घेत नाहीं. चोंच आणि पाय तांबडे असतील तर तो राजहंस. मळकट असतील तर मल्लिकाक्ष. काळे असतील तर धार्तराष्ट्र. निराळ्या ठिकाणीं कादंब व कलहंस हीं एकाच पक्ष्याचीं दोन नांवें म्हणून तो देतो. पद्यांत बांधलेल्या, मुलांनीं पाठ करावयाच्या कोशांत इतकें नेमकें लक्षण सांपडावें याचें मला फार कौतुक वाटतें. हें लक्षण कवीला सुचणारें नव्हे. कोणीतरी तळ्याच्या कांठीं बसून पाहिल्याशिवाय तें आलेलें नाहीं.

गुरुजी म्हणाले, "पाहा, पांढरे पंख आलेच कीं नाहीं? आपला राखी पक्षी येथें कोठेंच बसत नाहीं."

"बसत नाहीं हें खरें," मी म्हणालों, "पण आपल्या मनांतला पांढरा पक्षी तरी कोठें बसतो?"

गुरुजींच्या मनांतला पांढरा पक्षी म्हणजे ज्याला इंग्रजींत स्वान म्हणतात तो. लांबलचक वांकडी मान, पाण्यावर तरंगणारी होडीसारखी आकृति. तो आपल्या देशांत वायव्येकडच्या प्रदेशांत कधींमधीं भटकून आलेला आढळतो; महाराष्ट्राच्या तळ्यांवर त्याची वसती कधीं नव्हती. तथापि क्षणभर असें समजूं कीं अमरसिंहानें तो कोठेंतरी पाहिला होता. मग त्याच्या कसोटीला तो लावून पाहा. युरोपांतल्या उद्यानांतून दिसणाऱ्या स्वानाची चोंच नारिंगी-तांबडी आहे खरी, पण पाय काळे आहेत. उत्तरेकडच्या दुसऱ्या जातींची चोंच काळी-पिवळी आणि पाय पुन्हा काळेच. चोंच व पाय दोन्ही तांबडे असलेला स्वान आशिया-युरोपांत जात म्हणून नाहीं. तेव्हां अमराचा राजहंस हा स्वान असूं शकत नाहीं! काळ्या पायांचा म्हणून त्याला फार तर धार्तराष्ट्रांत जागा मिळेल, आणि तेथेंही त्याची नारिंगी चोंच आड येईल.

हें ऐकून गुरुजी बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "तर मग राजहंस कोण?"

याचें उत्तर पंडितांनीं निरनिराळें दिलें आहे. के. एन. दवे यांचा संस्कृत वाङ्मयांतील पक्ष्यांवरचा मोठा ग्रंथ १९८५ सालीं प्रसिद्ध झाला. हंस शब्दाखालीं किती प्रकारचे जलपक्षी येऊं शकतात याचा ऊहापोह त्यांत आहे. कांहींजण रोहित पक्ष्याकडे बोट दाखवितात, ज्याला हल्लीं अग्निपंख हें गोड नांव मिळालें आहे. त्याचें अंग पांढरें, पाय गुलाबी, चोंच गुलाबी. परंतु तिचें टोंक ठळक काळें, आणि एकंदर आकृति इतकी लंबटांग कीं तिला कोणी हंस म्हणावें हें मला तरी पटत नाहीं. कलहंसाचे पाय व चोंच तांबूस आहेत, पण अंग पांढरें नाहीं. माझा स्वतःचा एक तर्क आहे. तो तर्क म्हणूनच घ्यावा. संस्कृत काव्यांत राजवाड्यांत पाळलेले हंस वारंवार येतात. बाणाच्या कादंबरींत नूपुरांच्या नादामागून जाणारे भवनहंस सर्वांस आठवत असतील. युरोपांत माणसाळलेला हंस कलहंसापासून निपजला, आणि माणसाळल्यावर त्याची पांढरी पैदास सहज होते. चोंच आणि पाय मात्र तांबूस-नारिंगी राहतात. पांढरा, तांबड्या चोंचीचा, तांबड्या पायांचा, आणि राजाच्या अंगणांत राहणारा असा पक्षी अमरासमोर असेल, तर 'राजहंस' हें नांव मुळींच आश्चर्याचें वाटणार नाहीं. पुण्यामुंबईकडे बंगल्यांच्या आवारांत जे पांढरे पक्षी पाहुण्यांच्या अंगावर धांवून जातात, त्यांना लोक राजहंस म्हणतात. कदाचित् तेच अमराच्या सर्वांत जवळ असतील.

हा तर्क चुकीचा ठरला तरी एक गोष्ट ठाम राहते. मूळ हंस शब्दाचा अर्थ स्वान नव्हे. संस्कृत हंस, लॅटिन आन्सर, जर्मन गान्स, ग्रीक खेन आणि इंग्रजी गूस हे सर्व एकाच मुळाचे शब्द आहेत, आणि बाहेरच्या चारी भाषांत त्यांचा अर्थ हाच आमचा वाळूवर बसलेला, हरभरा खाणारा पक्षी असा आहे. फोगेल या डच पंडितानें १९६२ सालीं हिंदी वाङ्मय व शिल्पकला यांतील हंसावर एक छोटा ग्रंथ लिहून हेंच प्रतिपादन केलें. युरोपीय भाषांतरकारांच्या कानांना त्यांच्याकडचा 'गूस' मूर्खपणाचा द्योतक वाटे. त्यामुळें दमयंतीजवळ नलाचे गुण गाणारा पक्षी 'गूस' म्हणण्यास त्यांची जीभ वळेना, म्हणून त्यांनीं तेथें 'स्वान' घातला. आणि आपण आपलेंच काव्य त्यांच्या भाषांतरांतून वाचून परत शिकलों.

वाचून शिकलों त्यापेक्षां पाहून अधिक शिकलों, असें मला वाटतें. राजा रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईंत छापखाना घातला, व थोड्याच वर्षांत तो मळवलीस नेला. त्याचें हंस-दमयंतीचें प्रसिद्ध चित्र १८९९ चें. त्या चित्रांतला पक्षी लांब मानेचा पांढरा स्वान आहे. त्या काळच्या ओलिओग्राफांनीं महाराष्ट्रांतील मध्यम वर्गाच्या दिवाणखान्यांत देवदेवतांना आणि पुराणांतल्या स्त्रियांना जें रूप दिलें तेंच कायम झालें, आणि त्यांच्याबरोबर हंसालाही. माझ्या आजोळीं तें चित्र होतें. गुरुजींच्या घरीं अजून आहे. अमरकोश वाचतांना तें बरोबर आमच्या डोक्यावर टांगलेलें होतें.

मूळ कथेंत तर हंस पांढराही नाहीं. महाभारतांतल्या नलोपाख्यानांत तो सुवर्णमंडित आहे, आणि रघुनाथ पंडितांच्या नलदमयंतीस्वयंवराख्यानानें मराठी घरांत आणलेला हंसही सोन्याचाच. सोनेरी हंसाची ही परंपरा जुनी आहे, व तिचा एक उत्कृष्ट पुरावा मराठवाड्याच्याच भूमींत आहे. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यांत महाहंस जातकाचें चित्र आहे. त्यांतील हंसांचा राजा बोधिसत्त्व. त्याचें नांव पाली कथेंत धतरट्ठ, म्हणजे धृतराष्ट्र. हें नांव आणि अमरानें काळ्या पायांच्या हंसाला दिलेलें 'धार्तराष्ट्र' हें नांव एकाच घराण्यांतलें आहे. हा योगायोग नसावा. हंसांच्या राजाचें नांव हंसांच्या एका जातीला पडलें असावें, किंवा उलट. दुसऱ्या लेण्याच्या छतावरही हंसांची एक रांग आहे. तींतले पक्षी पाहा. अंग भरदार, मान मध्यम, चोंच जाड आणि बुडाशीं उंच, पाय शरीराच्या मध्यावर, चालावयास योग्य. स्वानाचे पाय मागें सरकलेले असतात, म्हणून जमिनीवर तो अवघडतो. अजिंठ्याचे हंस जमिनीवर मजेंत चालत आहेत. त्या चितारींनीं हंस पाहिला होता आणि चालतांना पाहिला होता.

कालिदासाबद्दल मात्र माझें मत थोडें दुहेरी आहे. मेघदूतांत रामगिरीहून, म्हणजे आपल्या विदर्भांतील रामटेकहून असें बहुतेक पंडित मानतात, मेघ उत्तरेस निघतो आणि राजहंस त्याच्या सोबतीला कमळाच्या देठांची शिदोरी घेऊन कैलासापर्यंत जातात. तेथें काल चुकला आहे. आषाढांत दख्खनच्या आकाशांत पट्टकादंब मुळींच नसतो. माघ-फाल्गुनांत उन्हें तापूं लागलीं कीं त्यांचे थवे उत्तरेला निघतात, आणि आपल्याकडे मेघगर्जना होते त्या वेळीं तिबेटांत त्यांचीं पिलें पाण्यावर पोहत असतात. पावसाळा आला कीं हंस मानसाला जातात हा कविसंकेत. पावसाळ्यांत हंस दिसत नाहींत एवढें सत्य त्याच्या बुडाशीं आहे.

पण त्याच काव्यांत पुढें हिमालयांतील क्रौंच पर्वताचें एक छिद्र येतें, परशुरामाच्या बाणानें पडलेलें, ज्याला हंसांचें द्वार म्हटलें आहे. येथें कालिदास अगदीं अलीकडच्या शास्त्रापेक्षां मागें नाहीं. पट्टकादंब अत्युच्च शिखरांच्याही माथ्यावरून उडून जातो अशी गोष्ट पुष्कळ वर्षें पुस्तकांतून फिरत होती. गेल्या कांहीं वर्षांत संशोधकांनीं या पक्ष्यांच्या अंगावर लहान यंत्रें बसवून उपग्रहांच्या साहाय्यानें त्यांचा प्रवास टिपला. तेव्हां असें दिसून आलें कीं ते शिखरांवरून जात नाहींत. जमिनीला धरून, दऱ्याखिंडींतून, चढ आला कीं चढत आणि उतार आला कीं उतरत जातात. टिपलेली सर्वांत मोठी उंची ७,२९० मीटर. ती कांहीं थोडी नव्हे, पण नेहमीचा मार्ग त्याहून खालचा. विरळ हवेंत उंची टिकवून ठेवण्यापेक्षां उतरून पुन्हा चढणें त्यांना स्वस्त पडतें, असें त्याचें कारण १९१५ सालीं नव्हे, २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत दिलें आहे. पर्वतांत हंसांचा एक दरवाजा आहे ही कल्पना तेव्हां केवळ कवीची नव्हती; हिमालयांत ये-जा करणाऱ्या यात्रेकरूंनीं किंवा व्यापाऱ्यांनीं खिंडींतून थवे जातांना पाहून ती सांगितली असावी.

नांवांच्या बाबतींत एक तक्रार नोंदवून ठेवतों. अमरानें कादंब आणि कलहंस हे पर्याय म्हणून दिले; आजच्या नामकर्त्यांनीं त्यांतला एक या जातीस व दुसरा त्या जातीस वांटून दिला. सोय म्हणून हें चांगलें आहे, आणि पट्टकादंब हा शब्द तर मला सुंदर वाटतो. पण जुन्या ग्रंथांत कलहंस वाचला कीं तो गुलाबी पायांचाच, असें मात्र कोणी समजूं नये. मराठींत पक्ष्यांचीं नांवें जमविण्याचें आणि जुन्या ग्रंथांतील पक्षिज्ञान बाहेर काढण्याचें मोठें काम मारुती चितमपल्ली यांनीं केलें. तेराव्या शतकांतील जैन ग्रंथकार हंसदेव याचें मृगपक्षिशास्त्र त्यांनींच मराठींत आणलें. २०२५ सालीं ते निवर्तले. त्यांच्यासारखा वनांत आणि पोथींत सारख्याच सहजतेनें वावरणारा दुसरा मनुष्य आज मला दिसत नाहीं.

चक्रवाकाचें असें कधीं झालें नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. तोही हिंवाळ्यांत पैनगंगेवर येतो. विटकरी-नारिंगी अंगाचा, जोडीनें राहणारा. ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायाच्या आरंभीं बुद्धि आणि बोध यांची जोडी भेदनदीच्या दोन तीरांवर विरहानें आक्रंदणाऱ्या चक्रवाकांसारखी कल्पिली आहे, आणि ती वाचतांना कोणाच्याही डोळ्यांपुढें परदेशीं पक्षी येत नाहीं. रविवर्म्यानें त्याचें चित्र घराघरांत लाविलें नाहीं, हें त्या पक्ष्याचें भाग्य. हंसाच्या बाबतींत मात्र नीरक्षीरविवेक म्हटला कीं आपणांस शुभ्र स्वान आणि चांदीची वाटी दिसते. कांहीं पंडितांनीं सुचविलें आहे कीं हें क्षीर म्हणजे कमळाच्या देठांतला पांढरा चीक असावा. पाण्यांत चोंच बुडवून देठ उपटणारा हंस ज्यानें पाहिला आहे त्याला हा अर्थ चटकन् पटेल. भिंतीवरच्या चित्रांतल्या हंसानें कधीं कांहीं उपटलेलें नसतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं गुरुजी स्वतःच माझ्या आधीं उठून तयार होते. नदीवर थवा होता, पण थोडा पांगलेला. कांहीं पक्षी पाण्यांत उतरले होते. कडेला एक पक्षी एकटाच उभा होता. डोकें मळकट, पट्टा नाहीं. मी मुद्दामच कांहीं बोललों नाहीं, दुर्बीण गुरुजींच्या हातीं दिली. सत्तरीच्या पुढचा मनुष्य, हात थोडे कांपत होते. दुर्बीण खडकावर टेकवून ते बराच वेळ पाहत राहिले. पक्षी दोन पावलें चालून वाळूवर आला.

"पिवळे," गुरुजी म्हणाले. "पाय पिवळे आहेत. चोंचही."

"म्हणजे?"

"म्हणजे याच थव्यातलें पोर. कलहंस नव्हे." मग थोडें थांबून, "आणि राजहंसही नव्हे. पण हंसच."

शेळ्यांचा मुलगा आजही तेथें होता. त्यानें विचारलें, "गुरुजी, याला काय म्हणतेत?" गुरुजींनीं त्याला सांगितलें, 'पट्टकादंब' हा शब्द त्यानें दोनदां म्हणून पाहिला, आणि मग आपल्या बापाचा हरभरा कोणत्या बाजूनें खाल्ला तें आम्हांस दाखवावयास घेऊन गेला. घरीं परतल्यावर गुरुजींनीं आपली जीर्ण अमरकोशाची प्रत काढली, सिंहादिवर्गाचें पान उघडलें, आणि समासांत पेन्सिलीनें तारीख घालून लिहिलें: पैनगंगा, सहस्रकुंडाच्या वर, पाय पिवळे.